पाठमोरे अडतीस जण

त्या दिवशी दालनात अडतीस माणसं होती आणि एकानंही काही पाहिलं नाही. पेपरवाल्यांनी हे वाक्य इतक्या वेळा छापलं की वाचणाऱ्याला वाटावं, चंद्रपुरात सगळे आंधळेच राहतात. आंधळं कोणी नव्हतं. सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून मीच उभं केलं होतं.

मी हर्षा. कागदावर मी संग्रहालयाची दालन-सेविका आहे. प्रत्यक्षात पहारा मीच करते, झाडलोट मीच करते, चाव्या माझ्याकडे, आणि काचेला नाक लावणाऱ्या पोरांना मागं ओढायचं तेही माझ्याचकडे. सोळा वर्षं कंत्राटावर काढली. यंदा कायम करायची यादी निघाली आणि तिच्यात माझं नाव होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते त्या यादीसाठी केलं.

आमच्याकडं पाहण्यासारखी एकच वस्तू आहे. होती. राणीहार. सोन्याचे पाच पदर आणि मध्ये सुपारीएवढे सात लाल खडे. नागपूर, हैदराबादहून लोक गाड्या करून यायचे, हारासमोर पाच मिनिटं उभे राहायचे आणि बाकीचं संग्रहालय न पाहताच परत जायचे. पाटीवर 'गोंड राणीचा हार' असं लिहिलेलं आहे. कोसमटोल्याच्या लोकांना ही पाटी मान्य नाही. धानोऱ्याच्या पलीकडं, जंगलात त्यांचं गाव. त्यांचं म्हणणं असं की राणीनं हा हार त्यांच्या देवीला वाहिला, तेव्हापासून तो देवीचाच. सरकारनं फक्त सांभाळायला ठेवलाय. गावचे पुजारी चैतूभाऊ देवीला याया म्हणतात, म्हणजे आई.

फार वर्षांपूर्वी यावरून भांडण झालं, अर्ज-विनंत्या झाल्या आणि शेवटी एक तोड निघाली. हार संग्रहालयातच राहील. पण जत्रेच्या आधीच्या गुरुवारी गावचे पाच जण येतील आणि हाराला आंघोळ घालतील. ती आंघोळ गावाबाहेरच्या कोणी पाहायची नाही. कॅमेऱ्यावर फडकं टाकायचं. दालनात जो असेल त्यानं पाठ करायची. मग ते ढोल वाजवत बाहेर जातील, आणि ढोल ऐकू येईनासा होईपर्यंत कोणी वळायचं नाही. हे सगळं शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे. फाइल कपाटात आहे.

छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर. घरात देव नाही आणि त्याची उणीवही नाही. तरी मी दरवर्षी पाठ करायची, आणि मनापासून करायची. माझ्या आज्याला गावातल्या देवळाच्या पायरीवरून हाकलायचे, तू पाहायचं नाही म्हणून. चैतूभाऊ पहिल्या वर्षी माझ्यासमोर हात जोडून म्हणाले होते, "बाई, थोडा वेळ तिकडं पाहा ना वो." हाकलणं वेगळं आणि मागणं वेगळं, हे आमच्या घरात कोणाला समजवावं लागत नाही.

पाठ केली की डोळे बंद होतात, कान थोडेच होतात. सोळा वर्षांत मला त्या आंघोळीचा क्रम कानानं माहीत झाला होता. काच सरकायची. पितळेचं ताट ठेवल्याचा आवाज यायचा. मग मोहफुलाच्या पाण्याची धार ताटात पडायची, चांगली खणखणीत, सगळ्या दालनात ऐकू जाईल अशी. मग बारीक आवाजात गाणं, आणि शेवटी ढोल.

आता त्या दिवसाचं सांगते. मंगळवार होता, दुपारचे बारा. दालनात एका शाळेची सहल होती, दोन शिक्षिका, वणीकडचं एक जोडपं, आणि मी. पाच जण आले. पांढरी धोतरं, पांढरे फेटे, ढोल, पितळी ताट, तांब्या, आणि सगळ्यांच्या पुढं एक म्हातारा.

"जय सेवा, बाई," म्हातारा म्हणाला.

"जय सेवा. चैतूभाऊ कुठी हाये?"

"बिमार हाये. मी त्यायचा चुलतभाऊ. यंदा जत्रा दोन दिवस आंधी धरली ना, म्हणून आजच आलो."

"गावचं पत्र?"

"मागून येऊन राह्यलं. पोरगा घेऊन येते."

दरवर्षी चैतूभाऊ ग्रामसभेचं पत्र आणायचे आणि दरवर्षी मी ते न वाचता फाइलला लावायची. तरी मी हेमराज सरांना फोन केला. हेमराज सर आमचे अभिरक्षक, म्हणजे संग्रहालयाचे मुख्य. ते त्या दिवशी नागपूरला मीटिंगमध्ये होते.

"दरसालचंच आहे ना, हर्षाबाई?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "द्या उघडून. त्या लोकांना ताटकळत ठेवू नका. मागच्या वर्षी पेपरात किती छान आलं होतं."

आलं होतं खरं. अर्धं पान, 'जंगलातली अनोखी परंपरा'. सरांचा हसरा फोटो आणि खाली सगळा तपशील: कॅमेऱ्यावर फडकं कधी टाकतात, पाठ कोण करतं, कधीपर्यंत वळत नाहीत. आम्ही कात्रण फ्रेम करून दारात लावलं होतं. लावलं तेव्हा कोणी वाचलं नाही. ज्यांना वाचायचं होतं त्यांनी नीट वाचलं.

मी कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. पेटीचं कुलूप काढलं. मग सगळ्यांना म्हणाले, "पोरांनो, तिकडं तोंड करा. मोबाईल खिशात. मॅडम, तुमीही." दोन-तीन पोरं फिसकन हसली, त्यांना मी डोळे दाखवले. मग मीही भिंतीकडं वळले.

काच सरकली. ताट ठेवल्याचा आवाज आला. मी पाण्याची वाट पाहत राहिले आणि पाणी पडलंच नाही. कोणीतरी नाकातल्या नाकात गुणगुणलं आणि एकदम ढोल सुरू झाला.

मला तेव्हाच कळलं. पोलिसांना मी हे पाच दिवस सांगितलं नाही, म्हणून इथं आधी सांगून टाकते. हे कोसमटोल्याचे नव्हेत हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी वळले नाही.

ढोल माझ्या मागून गेला, पायऱ्या उतरला, अंगणातून फाटकाकडं गेला. फाटकावरच्या लटारूनं हात जोडले आणि त्यांना अडचण नको म्हणून दुसरं दारही उघडून दिलं. बाहेर गाडी उभी होती. ते गाडीत बसले आणि गाडी चालू झाल्यावरही ढोल वाजवत राहिले. तो आवाज रस्त्यानं हळूहळू लांब जात होता.

"झालं का मॅडम?" एका शिक्षिकेनं विचारलं.

"थांबा," मी म्हणाले. "आवाज येऊन राह्यला अजून."

चोर ढोल वाजवत पळून चालले होते आणि मी अडतीस जणांना त्या ढोलाचा मान राखायला उभं ठेवलं होतं. आवाज पूर्ण विरल्यावर आम्ही वळलो. पेटीची काच नीट लावलेली होती. आत ताट होतं, कोरडं. हार नव्हता.

मी ओरडले नाही. लटारूला हाक मारली, पोलिसांना फोन केला, पोरांना एका रांगेत बाकावर बसवलं, त्यातल्या एकाला तहान लागली होती त्याला पाणी दिलं. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, मग आपलाच गाल आपल्या दातांखाली येतो तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. आपल्याला आता रडू आलं पाहिजे, असा विचारसुद्धा मी शांतपणे करत होते.

इन्स्पेक्टर साहेब सांगलीकडचे होते. माणूस वाईट नव्हता, पण वरून दर दहा मिनिटांनी फोन येत होते आणि प्रत्येक फोननंतर त्यांचा आवाज चढत होता.

"कोण होते ते?"

"कोसमटोल्याचे लोक," मी म्हणाले.

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि त्यांनी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर ते माझ्यासमोर सरकवलं आणि मी सही केली.

संध्याकाळी हेमराज सर नागपूरहून आले. घामाघूम झाले होते. मला मागच्या भांडारात नेलं, दार लोटलं.

"हर्षाबाई, नीट ऐका. गावचे लोक आले आणि आपण आदेशाप्रमाणे पेटी उघडली, तर आपली काही चूक नाही. चोरी त्यांनी केली. पण अनोळखी माणसं आली, त्यांच्याजवळ पत्र नव्हतं आणि तरी आपण उघडली, असं झालं, तर तुम्हीही गेल्या आणि मीही गेलो. यादी अजून माझ्या टेबलावर आहे."

"हो सर," मी म्हणाले.

"चैतू होता ना?"

सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, जसं काही मी होच म्हणाले होते.

घरी गेले तेव्हा अश्विन नुकताच आला होता. अश्विन माझा नवरा, घुग्घुसच्या खाणीत आहे. आंघोळ केली तरी त्याच्या कानामागं कोळसा राहतोच. मी त्याला सगळं सांगितलं, पाणी पडलं नाही हे सोडून. ते मी त्यालाही सांगितलं नाही.

"सही केली ना?" तो म्हणाला.

"केली."

"मंग झालं. तू का हार नेला? सोळा वर्सं खपली तिथं. आता पक्की होऊन राह्यली त उगाच घोळ नोको करू."

मी भाजी केली. त्यात मीठ टाकलं नव्हतं, हे त्यानं एक घास खाऊन सांगितलं. मी माझं ताट संपवलं होतं तोवर.

बुधवारी मी कामावर गेले. नेहमीसारखी पेटी पुसली, आता रिकामी. तुम्हाला वाटेल लोक यायचे थांबले असतील. उलट गर्दी वाढली. हार होता तेव्हा फोटो काढू देत नव्हतो, आता रिकाम्या पेटीसमोर लोक बोटांनी बाण दाखवत फोटो काढत होते. एका बाईनं मला विचारलं, "तुमीच का त्या, ज्याईनं पाठ केली होती?" आणि माझ्यासोबतही फोटो काढला. मी उभी राहिले. मला राग यायला हवा होता, एरवी मला राग यायला फार काही लागत नाही. तो आला नाही.

गुरुवारी चैतूभाऊ आले.

चोरीची बातमी त्यांना बुधवारीच कळली होती. तरी ते आले, चार जण घेऊन, ढोल आणि ताट घेऊन, मोहफुलाचं पाणी भरलेला गडवा घेऊन. फाटकावर बंदोबस्त होता. लटारूनं त्यांना लांबूनच परत जायची खूण केली, पण ते खूण पाहूनही चालतच आले.

"माहीत होतं तर आलात कशाला?" इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं.

"तारीख त आजचीच हाये ना साहेब," चैतूभाऊ म्हणाले. "आमी नाई आलो त तिले वाटन, आमी सोडलं तिले."

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून ग्रामसभेचं पत्र काढून दिलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं. वाचून साहेबांनी ते पुरावा म्हणून ठेवून घेतलं आणि पाचही जणांना गाडीत बसवलं.

तासाभरानं मला ठाण्यात बोलावलं. चैतूभाऊ बाकाच्या टोकाला बसले होते. चपला त्यांनी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या, ठाण्यात जाताना चपला काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या शेजारी झिंगू, त्यांचा ढोलवाला, ढोल मांडीवर घेऊन.

"हेच ना?" साहेबांनी विचारलं.

"मी मंगळवारी जत्रेचा मांडव घालून राह्यलो होतो," चैतूभाऊ मला म्हणाले, साहेबांना नाही. "सबन गावानं पाह्यलं."

"गावाची साक्ष गावासाठी कोण धरणार?" साहेब म्हणाले. "बाई, तुम्ही सांगा. हेच होते?"

मी मान खाली घातली. होकारासाठी घातली नव्हती, त्यांच्याकडं पाहवत नव्हतं म्हणून घातली. साहेबांनी तो होकार धरला. मला ते दिसत होतं आणि मी तो धरू दिला. कागद पुढं आला. मी सही केली, अगदी वळणदार, शाळेत मास्तर शाबासकी देतील अशी.

शुक्रवारी कोर्टानं पाचही जणांना कोठडी दिली. त्याच दिवशी आष्टीच्या पुढं, तेलंगणाकडं जाणाऱ्या रस्त्याला, एक सोडून दिलेली गाडी सापडली आणि तिच्यात एक ढोल होता. पेपरात छापून आलं, 'टोळीचे धागेदोरे गावापर्यंत'. हेमराज सर मला म्हणाले, "पाहिलं? आपण बरोबर होतो." मी हो म्हणाले. सरांनी सांगितलं की यादी सोमवारी वर पाठवणार. मी त्यालाही हो म्हणाले.

शनिवारी सकाळी अकराला पोलीस चैतूभाऊंना आणि झिंगूला दालनात घेऊन आले. गुन्हा कसा केला ते करून दाखवायचं होतं. इन्स्पेक्टर साहेब, दोन शिपाई, दोन पंच, व्हिडिओ काढणारा एक जण, हेमराज सर आणि मी. झिंगूला ढोल परत दिला होता, चैतूभाऊंना ताट आणि गडवा. गडव्यातलं पाणी गुरुवारचंच होतं, आंबूस वास येत होता.

"त्या दिवशी जसं केलं तसं करा," साहेब म्हणाले.

"त्या दिवशी आमी नोहतो साहेब. दरसाल करतो तसं करू का?"

"तसंच करा. बाबा, तुम्ही करा फक्त."

चैतूभाऊंनी सगळ्यांकडं एकवार पाहिलं. "पाठ करावी लागते साहेब."

"पाठ केली म्हणूनच तर हे झालं," साहेब म्हणाले. "आज सगळे बघणार."

व्हिडिओवाला हसला. चैतूभाऊंनी ताट पुढं घेतलं. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, विनंती करायची तर लांबच. मी वळले. धैर्य वगैरे म्हणू नका. सोळा वर्षं ताट दिसलं की वळायची, पाय आपोआप वळले. दालनात माझी एकटीचीच पाठ होती.

काच सरकली. ताट ठेवल्याचा आवाज आला. मग धार पडली. उंचावरून पडली, ताट खणखणलं, पाणी बाहेर उडालं असावं, कारण सर "अहो, मखमल, मखमल" म्हणाले.

"किती वरून ओतताय, बाबा?" साहेब म्हणाले. "सगळं भिजवलं. अशीच पद्धत आहे का?"

"नाई साहेब. गावात असं नाई ओतत. गावात हातानं लावतो, काई आवाज होत नाई."

"मग इथं?"

"इथी हे बाई तिकडं तोंड करून उभी राहते. आमच्यासाठी राहते, तिचा देव नाई हा. दरसाल एक शब्द नाई बोलली. म्हटलं, तिले पाहता नाई येत, त आयकू त जावं का आंघोळ झाली. म्हणून इथी वरतून ओततो."

ते हे साधेपणानं सांगत होते, साहेबांनी विचारलं म्हणून. मी समोरच्या भिंतीकडं पाहत होते. भिंतीचा रंग उडालेला, मध्ये एक खिळा. सोळा वर्षं मी समजत होते की मी चोरून ऐकते. ते सोळा वर्षं मला ऐकवत होते.

मग दुखलं. पाच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि एवढं दुखलं की मी भिंतीला हात लावला. मला लाज वाटली. त्यांच्यापुढं माझी, त्या वळणदार सहीची. मला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, पण वळायचं नव्हतं.

"साहेब," मी म्हणाले, "हे लोक नोहते."

"काय?" साहेब म्हणाले.

"मंगळवारी आले ते हे नोहते. तो म्हातारा दुसरा होता. चैतूभाऊचा चुलतभाऊ म्हणे. पत्र नोहतं त्याच्याजवळ. चैतूभाऊले मी सोळा वर्सांपासून पाहून राह्यली, मले चूक होणारच नाई. तरी मी सही केली."

"हर्षाबाई," हेमराज सर म्हणाले, "विचार करून बोला. यादी सोमवारी जाते आहे."

"विचार पाच दिवस केला सर. पेटी उघडण्याआंधी मी तुमाले फोन केला होता. तुमी म्हणाले, द्या उघडून. तेही लिहा साहेब, फोनमध्ये निघते ते."

"बाई, इकडं तोंड करून बोला," साहेब म्हणाले.

"नाई साहेब. चैतूभाऊचं झालं नाई अजून. मी सांगते, तुमी लिहा."

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. शिपायाला म्हणाले, "घे लिहून." मी भिंतीकडं तोंड करून जबाब दिला. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. मंगळवारी काच सरकली, ताट ठेवलं, पाणी पडलं नाही. पाणी पडलं नाही तेव्हाच मला कळलं की हे गावचे नव्हेत.

"तेव्हाच कळलं?" साहेब म्हणाले. "चोर तुमच्यापासून चार हातांवर होते. वळला का नाहीत?"

हाच प्रश्न होता. अश्विन विचारील, पेपरवाले विचारतील, चौकशीत विचारतील. मी पाच दिवस हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून गप्प होते, यादीसाठी तर होतेच, पण यासाठीही.

"वाटलं, माझंच चुकून राह्यलं असन," मी म्हणाले. "वाटलं, हे खरंच गावचे असन, पाणी विसरले असन, आणि मी पाहून टाकलं त? मंग चैतूभाऊले काय सांगू, का तुमी एवढा भरोसा ठेवला आणि मी पाह्यलं? हार जाईन हे मनात आलं होतं साहेब. तरी नाई वळली. आता पैला जबाब फाडा आणि या लोकाईले सोडा."

"सोडणं माझ्या एकट्याच्या हातात नाही," साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

चैतूभाऊ मला क्षमा करतील, बरं बाई म्हणतील, असं काही झालं नाही. त्यांच्या आईचा हार गेला होता. तो माझ्या पाठीमागून गेला होता आणि मला माहीत असताना गेला होता, हे त्यांनी आत्ता ऐकलं होतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मग ते हळू आवाजात गायला लागले. गाणं पूर्ण केलं, एक ओळही न गाळता, रिकाम्या पेटीसमोर. संपल्यावर म्हणाले, "वाजव, झिंगू."

ढोल माझ्या मागून गेला. शिपाई आडवा झाला असावा, कारण साहेब म्हणाले, "जाऊ दे फाटकापर्यंत." ढोल पायऱ्या उतरला, अंगणातून गेला आणि फाटकापाशी थांबला. त्याच्या पुढं त्यांना अजून जाता येत नव्हतं. त्यांना सुटायला आणखी चार दिवस लागले, जत्रा त्यांच्याविना झाली आणि हाराविना झाली. हार आजतागायत सापडलेला नाही.

ढोल थांबल्यावर मी वळले. साहेब आणि बाकीचे बाहेर गेले होते. हेमराज सर एकटेच उभे होते, त्यांनी हात पुढं केला.

"चाव्या," ते म्हणाले.

मी कमरेच्या चाव्या काढून दिल्या. त्यांचंही काही खरं नव्हतं आता.

"उद्यापासून येऊ नका, हर्षाबाई."

"बरं सर."

पेटीत पाणी साचलं होतं. मखमल भिजली होती, काचेवरून ओघळ खाली फरशीवर येत होते. मी कोपऱ्यातलं फडकं आणलं, बादली आणली आणि पुसायला बसले. पुसताना मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. सर म्हणाले, राहू द्या, दुसरी बाई पुसेल. मी म्हणाले, नाही, हे मीच पुसते.